आधी बोलायचं, मग फासे

मला स्वस्थ बसता येत नाही. हे कौतुकाने सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय, आणि ती माझी माझ्याचविरुद्ध आहे. लिफ्टचं बटण मी तीनदा दाबते. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ओट्याजवळून हलत नाही आणि तिथे उभीही राहवत नाही. समोरचा माणूस "मला काय वाटतं..." असं म्हणाला, की त्याला काय वाटतं ते मीच सांगून मोकळी होते. बऱ्याचदा ते बरोबर निघतं, म्हणून सवय सुटत नाही. आई म्हणायची, कार्टीच्या पायाला भिंगरी आहे. पाय तरी रात्री झोपतात गं आई, जिभेचं काय करू?

असल्या बाईने रोबोंच्या लढाईचा खेळ चालवावा हा मुळातच विनोद आहे.

खेळ आणला आमच्या महापेच्या ऑफिसातल्या एकाने. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो, मूळ साताऱ्याचा. मीटिंगमध्ये अगदी शुद्ध बोलतो, खेळायला बसला की गावाकडचा होतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने कँटीनच्या टेबलावर खोका उघडला. आत बोटभर उंचीचे रोबो. कुणाला हाताच्या जागी तोफ, कुणाला मानच नाही. खेळात ते चार मजली उंच आहेत असं मानायचं. सोबत षटकोनी घरांचा मोठा नकाशा, दोन फासे आणि जाडजूड नियमपुस्तक. तो पहिल्या पानापासून वाचून दाखवायला लागला. मी म्हटलं, वाचतोस काय, चल खेळू, खेळता खेळता कळेल.

पहिल्याच फेरीत माझ्याकडे होती नव्हती ती सगळी शस्त्रं मी एकदम चालवली. आता या खेळात शस्त्र चालवलं की रोबो तापतो, आणि फार तापला की बंद पडतो. हे पान चारवर होतं. माझा रोबो भर मैदानात बंद पडला आणि साताऱ्याच्या रोबोने शांतपणे जवळ येऊन त्याचा एकेक भाग उडवला.

"मॅडम, तापला न्हवं का त्यो," तो म्हणाला. "मी वाचत हुतो, तुमी ऐकलंच न्हाई."

असा संताप आला होता! दुपारभर कामात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मागून घेतलं आणि दोन रात्रींत वाचून काढलं, तेही अर्धं उभ्यानेच. पुढे खेळ चालवायचं माझ्याकडेच आलं, कारण फोन करणं, माणसं गोळा करणं, जागा मिळवणं ही धावपळीची कामं आणि धावपळ मला जमते. कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीचा हॉल आहे, तो रविवारी सकाळी रिकामा असतो. सेक्रेटरींनी फासे बघून विचारलं, "ताई, जुगार नाही ना हा?" मी त्यांना एक रोबो हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि बारसं-बिरसं असेल तेव्हा हॉल सोडायच्या अटीवर परवानगी दिली.

तिसरे आले ते डॉक्टर. दातांचे. दवाखाना वाशीला, घर मूळचं श्रीवर्धनकडचं, कोकणी मुसलमान. आमचे सगळे रोबो त्यांनीच रंगवलेत, दात बघायची ती भिंगं डोळ्यांवर चढवून. रोबोच्या गुडघ्यावरचा गंजसुद्धा त्यांनी तीन रंगांत काढलाय. मला ते "अगो" म्हणतात आणि मी चिडले की आणखी म्हणतात.

आमच्या टेबलचे दोन नियम पुस्तकात नाहीत. पहिला चिलखताचा. प्रत्येक रोबोचा एक कागद असतो. त्यावर त्याचं चित्र आणि चित्रात छोटे चौकोन: छाती, हात, पाय, पाठ. जितके चौकोन तितकं त्या भागाचं चिलखत. मार बसला की पेन्सिलने चौकोन भरायचे. आमच्याकडे खेळ सुरू होण्याआधी ज्याने त्याने हे चौकोन गुपचूप वाटायचे आणि कागद पालथा ठेवायचा. कुणाचं काय कच्चं आहे ते दुसऱ्याला कळता कामा नये.

दुसरा नियम माझ्यामुळे आला. मी आधी फासे टाकायचे आणि मग कुठे मारलं ते सांगायचे. दोघांनी मिळून मला पकडलं. तेव्हापासून आधी बोलायचं, मग फासे. माझा कुठला रोबो, कुणावर, कुठे. हे तीन शब्द मोठ्याने बोलल्याशिवाय टाकलेले फासे धरायचे नाहीत.

या दुसऱ्या नियमापायी मी बाबांना खाली हॉलमध्ये घेऊन आले.

बाबांचं उभं आयुष्य एपीएमसीच्या फळबाजारात गेलं, एका आडत्याच्या गाळ्यावर. पहाटे तीनला बाहेर पडणार, दुपारी घरी येणार, आणि जेवताना अख्खा बाजार आम्हाला ऐकवणार. आई म्हणायची, घास तरी गिळा हो. आई गेली, मी त्यांना माझ्याकडे आणलं, आणि वर्षभरात त्यांना स्ट्रोक झाला. हात-पाय बरेचसे सुधारले. बोलणं गेलं. म्हणजे गेलं असंही नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी नीट समजावलं होतं, "शब्द आत सगळे आहेत, बाहेर येताना अडकतात. जितकं स्वतः बोलतील तितकं परत येईल. गप्प राहायची सवय लागली तर मात्र अवघड आहे. त्यांना वेळ द्या. मनात दहा मोजा. आणि काही झालं तरी त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही."

कुणाला सांगत होत्या! मी त्यांचंच वाक्य दोनदा पूर्ण केलं होतं तोवर.

घरी बाबा बोलायचा प्रयत्न सोडत चालले होते. पाणी हवं की तांब्याकडे बोट, टीव्ही नको की मान. मला भीती वाटायची. सरळच सांगते, हा माणूस असाच गप्प होत होत संपणार, असं वाटायचं. म्हणून मी डोकं लढवलं. जिथे बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही अशा टेबलावर त्यांना बसवायचं. तीनच तर शब्द.

बाबांना खेळ चटकन कळला. त्यांनी रोबोंवरून नजर फिरवली आणि बिनमानेचा, ठेंगणा, सगळ्यात कुरूप तो उचलला. आम्ही त्याला जाड्या म्हणतो. जाड्याला ते असा नेऊन उभा करायचे की पुढच्या फेरीत त्याच्याच बाजूने सगळ्यांना जावं लागायचं. साताऱ्याचा बघतच राहिला. "काका, पुस्तक न वाचता हे?"

मी बाबांना माझ्या बाजूला घेतलं होतं. आम्ही दोघं एकीकडे, डॉक्टर आणि साताऱ्याचा समोर. माझी खुर्ची बाबांच्या खुर्चीला चिकटून. मदत करता यावी म्हणून.

"जा... जाड्या. ड... ड..."

"डॉक्टरांवर? बरं. कुठे, पायावर?"

"ड..."

"डावा! डावा पाय. चला, टाका फासे."

बाबा फासे टाकायचे. डॉक्टर काही बोलायला जायचे आणि गप्प व्हायचे. दुपारी वर जाताना मला वाटायचं, वा, आज काय छान बोलले बाबा.

दीड महिन्याने थेरपिस्ट बाईंनी विचारलं, या दिवसांत ते स्वतःहून काय काय बोलले? मी म्हटलं, खूप. त्या म्हणाल्या, एक सांगा. मी तोंड उघडलं आणि मला एकही आठवेना. सगळे हल्ले मी बोलले होते. त्यांचं एक 'जाड्या' सोडलं तर सगळे शब्द माझे. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते आणि नखं बघत होते. घरी येताना मी रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

पुढच्या रविवारी तोंडाला कुलूप, असं ठरवलं. साडेदहापर्यंत टिकलं.

त्याच सकाळी ते झालं. मी चहा आणायला वर आले होते. दूध उतू गेलं, पुसण्यात वेळ गेला. थर्मास घेऊन खाली येते तर हॉलमधून हसण्याचा आवाज. दारातून बघते तर बाबा आणि डॉक्टर टेबलाच्या कोपऱ्यावर हात हातात घेऊन बसलेत आणि हातांवर डॉक्टरांचा रुमाल. रुमालाखाली बोटं हलतायत.

"काका म्हणतायत," डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "जाड्या, माझ्यावर, छाती! अहो काका, मीच तुमचा दुभाषी आणि मलाच मारता?"

आणि बाबा हसत होते. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

फळबाजारात पूर्वी आंब्याचा भाव असाच व्हायचा. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरणार, बोटं दाबून आकडा सांगणार, आजूबाजूच्यांना पत्ता नाही. डॉक्टरांचे वडील दर मोसमात आंबा घेऊन तिथेच यायचे, त्यामुळे डॉक्टरांना ती बोटं लहानपणापासून येत होती. पहिलं बोट म्हणजे छाती, दुसरं म्हणजे हात, असं दोघांनी माझ्या पाठीमागे पाच मिनिटांत ठरवून टाकलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी भडकले.

"हे काय चाललंय? बंद करा आधी!"

"अगो, जरा मजा..."

"मजा नाही, त्यांनी बोलायला पाहिजे! तोंडाने! बोटांनी काम भागलं तर कशाला बोलतील ते?"

साताऱ्याच्याने नियमपुस्तक पुढे ओढलं. आमचे दोन नियम त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले होते. "मॅडम, 'सांगायचं' असं लिवलंय. तोंडानंच, असं न्हाई लिवलेलं."

"तू गप रे!"

डॉक्टर उठले. त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. "तोंडाने बोलायला तू त्यांना देतेस कुठे?" ते म्हणाले. "दीड महिना बघतोय मी. मधे बोलायचं नाही म्हणून बोललो नाही. त्या माणसाच्या तोंडातला घास काढून घ्यावा तसा तू शब्द काढून घेतेस."

मी रुमाल ओढून घेतला आणि लांब भिरकावला. बाबांचा हात उघडा पडला, तसाच टेबलावर. त्यांनी तो मागे घेतला, उठले, आणि हळूहळू लिफ्टकडे गेले. मी मागे धावले तर दार बंद झालं होतं. बटण दाबत राहिले, तीनदा, चारदा.

त्यानंतर तीन रविवार बाबा खाली आले नाहीत. चला म्हटलं की मान हलवायचे. नाही. घरातही तसंच. पूर्वी एखादा शब्द यायचा तोही येईना. गॅलरीत बसून राहायचे.

एका संध्याकाळी मी माझी ओढणी घेऊन त्यांच्यासमोर बसले, तिच्याखाली त्यांचा हात धरला आणि म्हटलं, सांगा बाबा, बोटांनीच सांगा. बाजारातली बोटं मला कुणी शिकवली नव्हती. मुलीला कशाला लागतायत ती? पण मला वाटलं जमेल. त्यांनी माझं पहिलं बोट दाबलं. दुसऱ्याकडे जात होते तेवढ्यात मीच विचारलं, "जेवायचंय? भूक लागली?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मी त्यांच्या बोटांचंसुद्धा वाक्य पूर्ण करायला लागले होते. त्यांनी हात काढून घेतला.

शनिवारी मी माफी मागितली. "बाबा, चुकलं माझं. मी तुम्हाला बोलू देत नाही. तुम्ही म्हणाल जाऊ दे, पण जाऊ दे नाही, खरंच चुकलं." मग लक्षात आलं की माफीला त्यांचं उत्तरही मीच देऊन टाकलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने रडले, माझ्याच.

रविवारी मी एकटीच खाली गेले. डॉक्टर आणि मी जेवढ्यास तेवढं बोलत होतो. नकाशा पसरला, रोबो मांडले. बाबांची खुर्ची सवयीने माझ्या खुर्चीशेजारी ठेवली होती. मी ती उचलून भिंतीला लावणार तेवढ्यात लिफ्ट वाजली.

बाबा आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. टेबलापाशी आले आणि उभे राहिले. ओठ हलले.

"बसा ना बाबा, ही तुमची... पंखा लावू? पाणी?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"थांब की जरा," डॉक्टर हळूच म्हणाले.

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. बाबांचं कपाळ लाल झालं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तो लांब जाईपर्यंत आम्ही तसेच.

"मी," बाबा म्हणाले. मग खूप वेळाने, "तुझ्या..."

शेजारी, माझ्या तोंडात आलं. मी गिळलं.

"...समोर."

आणि ते टेबलाला वळसा घालून डॉक्टरांच्या बाजूला जाऊन बसले. त्यांनी माझ्या विरुद्ध खेळायचं ठरवलं होतं. मला लागलं ते. इतकं करून शेवटी समोर? पण गेल्या कित्येक महिन्यांत मी ऐकलेलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं ते, आणि साताऱ्याच्याने आपली खुर्ची माझ्या बाजूला ओढून माझ्याकडे बघत मान डोलवली, म्हणून मी गपचूप माझा कागद घेऊन चिलखत वाटायला बसले.

मी नेहमीसारखंच वाटलं. छातीला भरपूर, हातांना भरपूर, पायांना भरपूर. पाठीला दोन चौकोन. मी कधी मागे वळतच नाही, पाठ कशाला हवी? कागद पालथा घातला.

तासाभराने सगळं मैदान विस्कटलं होतं आणि जाड्या माझ्या रोबोला खेटून उभा होता. खेटून आलं की हवं तिथे मारता येतं, पण कुठे ते आधी बोलायचं. बाबांची पाळी.

"जाड्या," ते म्हणाले. दम घेतला. "तुझ्यावर."

मग थांबले.

मी दहा मोजले. भरभर मोजले, म्हणून पुन्हा दहा मोजले. बाबा नकाशाकडे बघत होते. डॉक्टर पंख्याकडे. साताऱ्याच्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. बाबांचे ओठ जरासे उघडले आणि मिटले. माझा पाय टेबलाखाली नाचत होता, मी तो दुसऱ्या पायाने दाबून धरला. तिसरे दहा. छाती म्हणायचं असेल का? हात? नुसता हात म्हणाले तरी चालेल, बाबा. काहीही म्हणा. त्यांच्या गळ्याची शीर ताणलेली दिसत होती आणि मला तो अडकलेला शब्द माझ्याच घशात असल्यासारखा वाटायला लागला. चौथ्या दहाला मी आठापर्यंत पोचले. मग मला राहवलं नाही. आपण कुणाच्या विरुद्ध खेळतोय, आपलं काय कच्चं आहे, काही भान उरलं नाही. त्यांची सुटका व्हावी एवढंच.

"पाठ!" मी ओरडले. "पाठ म्हणायचंय ना बाबा तुम्हाला? पाठीवर मारा ना!"

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाबांनी मान वर केली. माझ्या पालथ्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि कुठेही न अडखळता, गाळ्यावर उभे असल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाले, "पाठ."

फासे टाकले. मी कागद उलटा केला. दोन चौकोन. डॉक्टरांनी टेबलावर असा हात आपटला की चार रोबो आडवे झाले, आणि साताऱ्याचा खुर्चीतून उठून, "काका! काका!" एवढंच म्हणत राहिला.

तो शब्द खरंच अडकला होता की बाबा मुद्दाम गप्प बसले होते, हे मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस नाही. त्या दिवशी हरल्याचा जेवढा आनंद झाला तेवढा आयुष्यात कशाचा झाला नसेल, आणि खरं सांगते, रागही तेवढाच आला.

"बाबा, ही चीटिंग आहे!" मी म्हटलं. पेन्सिल सापडेना. "तुम्हाला माहीतच नव्हतं पाठ कच्ची आहे ते!"

बाबांनी बोट वर करून मला थांबवलं. त्यांना बोलायचं होतं. या वेळी किती मोजले ते मला ठाऊक नाही, मी मोजतच नव्हते.

"तूच," ते म्हणाले. "तूच... बोललीस."